गुलाश की गूलाश, आणि 'वन पॉट'ला काय म्हणावं?

विचारणा आली ती अशी : "एकाच भांड्यात बीफ आणि पास्ता घालून करतात त्या गुलाशची कृती मराठीत लिहायला घेतली आहे. गुलाश लिहू, गूलाश की गौलाश? तो गुलाश की ते गुलाश? त्याला आपला एखादा शब्द आहे का? आणि 'वन पॉट', 'ब्राउन करा', 'सिमर करा' यांचं काय करू? इंग्रजी तसंच ठेवलं तर कृती परकी वाटते, भाषांतर करायला गेलं तर वाक्य ओशाळवाणं होतं."

लिहा गुलाश. पहिल्या अक्षराला ऱ्हस्व उकार आणि शब्द पुल्लिंगी : गुलाश केला, गुलाश आळला, गुलाशात मीठ कमी पडलं.

ऱ्हस्व का, ते सांगते. आपल्याकडे अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराला इकार किंवा उकार असला तर तो दीर्घ होतो : फूल, कापूस, माणूस. त्याच्या आधी येणारा उकार ऱ्हस्व राहतो : गुलाब, गुलाल, दुकान, सुतार. गुलाश या दुसऱ्या रांगेत सहज बसतो. गूलाश लिहिणाऱ्याच्या कानात इंग्रजी उच्चारातला लांबलेला ऊ असतो आणि गौलाश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी स्पेलिंग. शब्द मुळात इंग्रजी नाहीच, आणि ज्या हंगेरियन भाषेतून तो आला तिथे हा उ आखूडच आहे.

लिंगाचा प्रश्न जास्त मजेचा. हंगेरियन भाषेत व्याकरणिक लिंगच नाही. 'तो' आणि 'ती' या दोघांना मिळून तिथे एकच सर्वनाम आहे. जर्मनमध्ये लिंग आहे, पण गुलाश पुल्लिंगी चालतो आणि नपुंसकलिंगीही, शब्दकोश दोन्ही मान्य करतात. मराठीत परका शब्द आला की आपण त्याच्या जवळपासचा घरचा शब्द नकळत धरतो आणि त्याचं लिंग देऊन टाकतो. गाडी मनात असते म्हणून बस 'ती' होते. गुलाशापाशी माझ्या मनात रस्सा येतो, म्हणून तो 'तो'. कुणाच्या मनात कालवण आलं आणि त्यांनी 'ते गुलाश' म्हटलं तर मी चूक काढणार नाही. एका कृतीत मात्र दोन्ही नकोत. वरच्या ओळीत 'गुलाश तयार झालं' आणि खाली 'गुलाश गरम वाढावा' असं वाचलं की वाचणारा ठेचकाळतो.

तुमच्या प्रश्नात 'गुलाशची कृती' आहे. मी 'गुलाशाची कृती' लिहीन. गुलाबाची, गुलालाची, तशी गुलाशाची. नव्या शब्दाला सामान्यरूप द्यायला आपण बिचकतो, पण सामान्यरूप मिळालं की शब्द घरात वावरायला लागतो. पास्त्याचंही तेच : डबा, डब्यात, पास्ता, पास्त्यात.

आता 'आपला एखादा शब्द' याविषयी, कारण इथे सांगण्यासारखं बरंच आहे.

हंगेरियनमध्ये गुरांच्या कळपाला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'गुयॉ' होतो. त्याला शेवटी श जोडला की 'गुयाश', म्हणजे कळप राखणारा, गुराखी. तिथे हा श असंच काम करतो : 'चिको' म्हणजे शिंगरू आणि 'चिकोश' म्हणजे घोडी राखणारा. आपल्याकडे खिल्लार म्हणजे गुरांचा कळप आणि खिल्लारी म्हणजे तो राखणारा, ही जोडी जशी घडली तशीच ती घडली आहे. तेव्हा गुलाश हे मुळात पदार्थाचं नाव नव्हतं, ते माणसाचं होतं. पूर्व हंगेरीतल्या अफाट माळरानावर गुरं घेऊन राहणारी ही माणसं आगीवर हंडा टांगून त्यात मांस शिजवत. त्याला म्हणत 'गुयाशहूश', गुराख्यांचं मांस. पुढे मांस गळालं आणि गुराखी तेवढा उरला. त्या टांगत्या हंड्याला 'बोग्राच' म्हणतात आणि हंगेरीत आजही लोक उघड्यावर त्यात गुलाश करतात. म्हणजे तुम्ही ज्या 'एका भांड्या'ला शब्द शोधताय ते या पदार्थाला जन्मापासूनच चिकटलेलं आहे.

हा शब्द जर्मनमध्ये गेला तेव्हा 'य'च्या जागी 'ल' ऐकू येऊ लागला, आणि १९व्या शतकात तो इंग्रजीत पोचला. वाटेत अर्थही सरकला. हंगेरीत गुयाश मागितला तर समोर येतो तो पातळ, सूपासारखा पदार्थ. जर्मन किंवा इंग्रजी बोलणारा ज्या दाट रश्श्याला गुलाश म्हणतो, त्याला हंगेरियन माणूस 'पोर्कोल्त' म्हणेल. अमेरिकेत तो आणखी पुढे गेला : मांसाच्या फोडींऐवजी खिमा आला, टोमॅटो आला आणि त्याच भांड्यात आखूड, वाकडी मॅकरोनी पडली. तिथे मध्यपश्चिमेत त्याला नुसतं गुलाश म्हणतात. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात जवळजवळ हाच पदार्थ 'अमेरिकन चॉप सुई' या नावाने ताटात येतो, आणि त्या चॉप सुईचा चीनशी संबंध नावापुरताच.

मग हा पास्त्याचा पदार्थ खरा गुलाश का? माझ्या मते हो. शब्द असे फिरतातच. इंग्रजीत मटण म्हणजे मेंढीचं मांस, आपण मटण म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा बोकडाचं असतं, आणि म्हणून कुणी आपलं मटण खोटं ठरवत नाही. शिवाय पिठाचा तुकडा गुलाशाला अगदीच नवा नाही. हंगेरीत गुयाशात 'चिपेत्के' सोडतात, म्हणजे मळलेल्या पिठातून चिमटीने तोडलेले बारीक तुकडे, आणि ते नावही चिमटीच्याच शब्दावरून आलं आहे. शीर्षकात मात्र 'अमेरिकन गुलाश' असं पूर्ण लिहा, म्हणजे हंगेरियन रस्सा शोधत आलेल्याची फसगत होणार नाही.

'गुराख्याचं कालवण' असं भाषांतर मनात आलं असेल तर सोडून द्या. अर्थ बरोबर आहे, पण ते वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे मॅकरोनी येणार नाही.

बीफला बीफच म्हणा. 'गोमांस' हा शब्द बातमीतला किंवा कायद्याच्या भाषेतला वाटतो. स्वयंपाकाच्या कृतीत चिकन, मटण, तसं बीफ. फक्त इंग्रजी कृतीतल्या 'ग्राउंड बीफ'चं 'दळलेलं बीफ' करू नका. असं छापलेलं मी वाचलं आहे आणि वाचताना थेट जातं आठवलं. दळतात ते धान्य. मांसाचा खिमा करतात. खिमा हा शब्द तुर्कीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळातला अर्थ बारीक चिरणं.

'वन पॉट'साठी पहिल्यांदा माझ्याही मनात 'एकपात्री' आलं. संस्कृतच्या बाजूने पाहिलं तर नेमकं. पात्र म्हणजे भांडं. पण पात्र म्हणजे नाटकातली भूमिकाही, आणि मराठी माणसाच्या मनात एकपात्रीपुढे 'प्रयोग' असा घट्ट बसला आहे की 'एकपात्री गुलाश' वाचून तो आधी रंगमंच बघेल. रूढ झालेल्या शब्दाची जागा अशी हिसकावता येत नाही. मला 'एकभांडी' बरा वाटतो. एकमजली घर, एकखांबी तंबू, तसा एकभांडी गुलाश. घडण पूर्ण मराठी आणि अर्थ ऐकताक्षणी कळतो. धीर होत नसेल तर 'एकाच भांड्यातला गुलाश' लिहा, त्यात काहीच कमी नाही.

खरी अडचण क्रियापदांची असते, आणि मराठी तिथेच सर्वांत श्रीमंत आहे. 'ब्राउन करा' घ्या. 'तपकिरी करा' असं लिहिलं तर ती भिंत रंगवायची सूचना वाटते. भांड्यात काय घडतं ते पाहू या. तापलेल्या तेलात खिमा पडला की पहिली दोन-तीन मिनिटं तो करडा होतो आणि त्याला पाणी सुटतं. पाणी आहे तोवर भांड्यातलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे खिमा परतला जात नसतो, उकडत असतो. पाणी आटलं की आवाज बदलतो : बुडबुड थांबते आणि चुरचुर सुरू होते. त्यानंतरच तो तांबूस व्हायला लागतो, कडा खरपूस होतात, तळाला लालसर खरवड धरते. ही रासायनिक क्रिया साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ साली केलं आणि तिला त्यांचंच नाव आहे. हे सगळं मराठीत एका ओळीत मावतं : 'खिम्याला सुटलेलं पाणी आटून तो खरपूस होईपर्यंत परता.' मी सुरुवातीला इंग्रजी कृतीवरून करायची तेव्हा खिमा करडा झाला की पुढे जायची आणि रश्श्याला चव का येत नाही म्हणून मसाला वाढवत बसायची. 'पाणी आटून' हे दोन शब्द त्या कृतीत असते तर तसं झालं नसतं. हंगेरियन 'पोर्कोल्त'ही भाजणं, होरपळवणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. तिथे या क्रियेचंच नाव पदार्थाला मिळालं.

इथे पाप्रिकाविषयी थोडं, कारण तो राहवत नाही असा विषय आहे. पाप्रिका म्हणजे वाळवलेल्या लाल मिरचीची, बहुधा कमी तिखट अशी पूड. मिरची अमेरिका खंडातली, हंगेरीत ती तुर्कांच्या काळात पोचली. नाव मात्र उलट्या दिशेने आलं आहे. संस्कृत पिप्पली, जिला आपण पिंपळी म्हणतो, तिच्यावरून ग्रीक 'पेपेरी', त्यावरून लॅटिन 'पिपेर', त्यावरून दक्षिण स्लाव्ह भाषांतलं 'पापर', आणि त्याचं लाडकं रूप 'पाप्रिका'. इतक्या लांबून नात्यात निघालेल्या शब्दाला 'लाल तिखट' म्हणून बाजूला सारू नका. पदार्थ म्हणूनही ते वेगळं पडतं : पाप्रिका मोठा चमचाभर घालतात, तेवढं तिखट घातलं तर तोंड पोळेल. पाप्रिकात साखर असते, ती तापल्या तेलात लगेच करपते आणि कडू होते. म्हणून लिहा, 'भांडं आचेवरून उतरवून पाप्रिका घाला, ढवळा आणि लगेच टोमॅटो घाला.' 'जळते' लिहिण्यापेक्षा 'करपते' लिहा. जळण्यात आग दिसते, करपण्यात वास येतो.

'सिमर'साठी 'मंद आचेवर शिजवा' हे चालतं, पण त्यात भांड्यातलं दृश्य नाही. पाणी उकळतं. रस्सा जोरात असला की खदखदतो. आच कमी केली आणि दाट रस्सा मधूनमधून फुटत राहिला की तो रटरटतो. गुलाशाला रटरटणं हवं. खदखदला तर पास्ता बाहेरून फुटतो आणि आत कच्चा राहतो. शेवटी दाट होण्याला 'आळणे' आहेच. आटणे आणि आळणे यांत लोक गल्लत करतात : आटतं ते पाणी, आळतो तो रस्सा. गुलाशात दोन्ही होतं. थोडं पाणी आटतं, आणि पास्त्यातून सुटलेल्या पिष्टाने उरलेला रस्सा आळतो. म्हणूनच पास्ता वेगळा उकडून निथळून घातला तर हा पदार्थ तसा होत नाही. दाटपणा देणारं पाणी निथळतानाच गेलेलं असतं.

मी लिहिली तर कृती अशी लिहीन :

एका जाड बुडाच्या भांड्यात दोन चमचे तेल तापवून बारीक चिरलेला एक मोठा कांदा गुलाबी होईपर्यंत परता. त्यात अर्धा किलो बीफ खिमा मोकळा करून घाला आणि सुटलेलं पाणी आटून तो खरपूस होईपर्यंत परता. ठेचलेल्या तीन-चार लसूण पाकळ्या घालून वास सुटू द्या. भांडं उतरवून मोठा चमचाभर पाप्रिका घाला, ढवळा. लगेच ४०० ग्रॅम टोमॅटो ठेचून घाला आणि भांडं पुन्हा आचेवर ठेवा. पाऊण लिटर गरम पाणी आणि मीठ घालून तळाची खरवड उलथन्याने सोडवून घ्या. उकळी फुटली की २५० ग्रॅम मॅकरोनी घाला, आच कमी करा, झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं रटरटू द्या. मधूनमधून तळापासून ढवळा, नाहीतर पास्ता बुडाला लागेल. मॅकरोनी शिजून रस्सा अंगाबरोबर राहिला की उतरवा.

'बुडाला लागेल', 'अंगाबरोबर', 'उकळी फुटली' : यांतला एकही शब्द मला घडवावा लागला नाही. परके शब्द राहिले ते थोडेच, बीफ, पाप्रिका, टोमॅटो, पास्ता, मॅकरोनी आणि किलो-लिटरसारखी मापं, आणि ती सगळी नावंच आहेत.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कृतीच्या शेवटी तो येईलच. दुसऱ्या दिवशी गुलाश सुका होतो. इंग्रजीत म्हणतात पास्ता द्रव शोषून घेतो. मराठीत शोषणं कागदाला किंवा मातीला शोभतं. स्वयंपाकात आपण म्हणतो वांगं तेल पितं. तेव्हा लिहा : 'ठेवल्यावर पास्ता रस्सा पितो, म्हणून गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला.'