विमान खालून चाललंय म्हणजे धोका कमी?

प्रश्न: सर, आमचं रान कराडच्या विमानतळापासून जवळच आहे. परवा उसाला पाणी पाजताना एक छोटं ट्रेनिंगचं विमान एवढं खालून गेलं की चाकं दिसली. आबा लगेच संजय गांधींच्या विमान अपघातावर आले. पण मी म्हणतो, एवढ्या खालून पडलं तर मार कमीच लागंल, त्यात खाली सगळा ऊस, मग अशात माणसं जातात कशी?
– एक वाचक, कराड

उत्तर: दादा, आबांचं बरोबर आहे, तुमचा हिशोब उलटा पडलाय. (आता धावपट्टीवर उतरणारं विमान खाली येणारच, त्याला शिव्या घालू नका.) खालून उडताना खरी भीती स्टॉलची. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे बरं का, नाक फार वर ओढलं की पंखावरची हवा सुटते आणि पंख विमान पेलत नाही. नाक खाली करून वेग घेतला की परत सावरतं, पण त्यासाठी खाली जागा नको का? त्यात एक पंख आधी पडला तर विमान गिरक्या घेतं, एका गिरकीला साधारण ३ सेकंद आणि ५०० फूट जातात. तुमच्या उसावर २०० फुटांवर असलेल्यानं करायचं काय?

हे बऱ्याचदा वळताना होतं. मित्राचं घर दिसलं, उंची न सोडता विमान ६० अंश कलवून गर्रकन वळवलं की पंखांवर दुप्पट भार येतो, मग ताशी ८० किलोमीटरला स्टॉल होणारं ११३ लाच होतं. वारा पाठीमागून असला तर आणखी फसगत, ऊस भराभर मागं पळतो, वाटतं स्पीड लय आहे, आणि पायलट नकळत वेग कमी करतो. शिवाय हायटेन्शनच्या तारा. टॉवर दिसतो ओ, तार नाही दिसत.

संजय गांधींचं पिट्स एस-२ए तर कसरतीसाठीच बनवलेलं विमान होतं. २३ जून १९८० ला दिल्लीत सफदरजंग विमानतळाजवळ कमी उंचीवर कसरत करताना ते कोसळलं, सोबतचे कॅप्टन सुभाष सक्सेनाही गेले.

राहिला ऊस. पंख सरळ ठेवून उतरवलं तर माणसं वाचतातही, पण नाकावर आलं की ऊस काय आणि कातळ काय.

उतरताना-उडताना सोडलं तर मोकळ्या रानावरही ५०० फुटांच्या खाली यायचं नाही असा नियम आहे. परत दिसलं आणि धावपट्टीच्या रेषेत नसताना घिरट्या घालत असलं, तर पंखाखाली विमानाचा नंबर म्हणून व्हीटी आणि पुढं तीन अक्षरं असतात, तेवढी टिपून विमानतळावर सांगून या.