एका वेळी एकच गोष्ट बदल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलास आणि तुझी पिशवी ओट्यावरच राहिली. उघडून बघितली. कॉइलचं रिकामं खोकं, प्लगचं खोकं, पॉइंट सेटचं वेष्टन, कार्बोरेटरची पावती. सगळं ठिणगीचं आणि पेट्रोलचं सामान, एकाच शनिवारी सांकली स्ट्रीटवरच्या सुट्या भागांच्या दुकानांतून आणलेलं आणि त्याच संध्याकाळी बसवलेलं. एवढं करूनही मामाची बुलेट बोरघाटात, शिंगरोबाच्या देवळाच्या अलीकडे बंद पडली ती पडलीच. अर्धा तास थांबलास, एका किकमध्ये चालू झाली, थोडं पुढे गेल्यावर पुन्हा बंद. आता गॅरेजवाला म्हणतो इंजिन उघडून बोअर-पिस्टन करू, घरचे म्हणतात विकून टाक, आणि तू मला विचारतोस, "काका, काय करू?"

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि मग चालवून बघ.

हे रविवारीही सांगितलं होतं. तू मान डोलावलीस आणि लगेच विचारलंस, बोअरला खर्च किती येईल. म्हणून आज लिहून देतोय. चार वस्तू एकदम बदलल्यावर गाडी सुधारली असती, तरी कशामुळे सुधारली हे तुला कधीच कळलं नसतं. आणि नवीन वस्तू चांगलीच असते असं तुला कोणी सांगितलं? त्या चारांतली एखादी खराब निघाली असेल, तर जुना आजार तसाच राहिला आणि वर तू नवा आणून बसवलास.

माझी पहिली बुलेट मी अशीच घालवली. 1997 साल. कास्ट आयर्न इंजिन, 346 सीसी, आवाज असा की चाळीतल्या पोरांना मी नाक्यावर आलो हे कळायचं. माळशेजला निघालो की कल्याणला टाकी फुल्ल करायचो आणि मुरबाडच्या अलीकडे गाडी मान टाकायची. थोड्या वेळाने आपोआप चालू. मी कार्बोरेटर बदलला, कॉइल बदलली, शेवटी इंजिन उतरवून चांगला पिस्टन काढून टाकला. वर्षभराची बचत गेली, मुरबाड काही ओलांडता येईना. वैतागून मिळेल त्या किमतीला विकली.

दोन महिन्यांनी घेणारा भेटला. गाडी मजेत चालली होती. त्याने काय केलं होतं? टाकीच्या झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असतं, त्यात टाचणी फिरवली होती. बस. मीच हौसेने टाकी रंगवली होती, झाकणासकट, आणि रंग त्या भोकात बसला होता. पेट्रोल खाली जायचं, त्याच्या जागी हवा आत यायची नाही, की कार्बोरेटरकडे येणारी धार बारीक होत थांबायची. उभी राहिली की कुठून तरी हळूहळू हवा शिरायची आणि गाडी पुन्हा शहाणी व्हायची. टाकी फुल्ल केल्यावरच हे लवकर होतं, हेसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी बघतच नव्हतो, मी बदलत होतो. ती गाडी आजही आठवते.

आता तू लगेच झाकणात टाचणी घालायला जाऊ नकोस! तुझंही तेच असेल असं मी म्हटलेलं नाही. पुढच्या वेळी बंद पडली की पाना काढण्याआधी झाकण उघड आणि कान दे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकण. नाही आला तर प्लग काढ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही, ओला असेल तर ठिणगीकडे बघ. पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडतात-तोडतात तिथे, मोठ्या ठिणग्या उडतायत आणि प्लगला मात्र मरतुकडी, असं दिसलं तर कंडेन्सर, पॉइंटला जोडलेली ती छोटी डबी. तो गार असताना ठीक वागतो आणि तापला की दगा देतो. तुझ्या पिशवीत कंडेन्सरचं खोकं नव्हतं, हे मी पाहिलंय. स्वस्तातलीच वस्तू ती.

पॉइंटची फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर. फट मोजायच्या फिलर गेजचं पातं सरकवताना हलकी ओढ लागली पाहिजे, अडकता कामा नये. आधी साधा कोरा कागद पॉइंटमधून ओढ. काळा पट्टा उमटला तर कोरा निघेपर्यंत ओढत राहा. मग फट लाव. मग चालव. मगच दुसरं काही. वहीत तारीख, किलोमीटर आणि काय बदललं ते लिही, एका ओळीत एकच गोष्ट.

दुसरी बुलेट अशी एकेक करून ठीक करायला मला सात महिन्यांचे रविवार लागले. मित्र गोव्याला जाऊन आले, मी गेलो नाही. तुझी काकू म्हणायची, लोक गाडी चालवायला घेतात. हट्टी म्हणून माझं नाव पडलं ते आजतागायत आहे. त्या रविवारांतले दोनचार तिला द्यायला हवे होते, हे मान्य. पण त्याच वर्षी जुलैत भर पावसात तिला मागे बसवून कशेडी घाट चढलो, चिपळूणला घरासमोर उतरेपर्यंत इंजिनाने एकदाही मिस मारली नाही. त्या गाडीचा एक नट असा नव्हता की जो मला माहीत नव्हता. याला कोणी हट्ट म्हणत असेल तर म्हणो, मला पटत नाही.

आणखी एक, हे जिवाचं आहे. तुझा पाय नव्या गाड्यांना सरावलेला आहे. या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. म्हणजे घाबरून उजवा पाय दाबलास तर ब्रेक लागणार नाही, वरचा गिअर पडेल. रिकाम्या रस्त्यावर पहाटे आठ दिवस फिरव, तोवर घाटाचं नाव काढू नकोस. एक्स्प्रेसवेवर दुचाकी चालत नाही, जुन्या हायवेनेच जायचंय, आणि तिथे ट्रक कडेला सरकून वाट देतील या भरवशावर राहू नकोस.

विकू नकोस, बोअरही करू नकोस. रविवारी सकाळी ये. जुना कार्बोरेटर, जुनी कॉइल, जुना प्लग, जुने पॉइंट बरोबर घेऊन ये. आपण ते एकेक करून परत बसवू आणि प्रत्येक वेळी शिवडीपर्यंत जाऊन येऊ. फेकून दिले असशील तर आधी फोन करून सांग.

तुझा,
काका