कंपनीत एआयचं ट्रेनिंग सगळ्यांना समान मिळावं यासाठी एचआरने काय करावं?

तुम्ही स्वतः एचआरमध्ये आहात म्हणून मुद्दाम लिहितोय. आमच्या भोसरीच्या कंपनीत हा विषय निघाला तेव्हा एचआरच्या साहेबांनी भर मीटिंगमध्ये सांगितलं होतं की लाइनवरच्या लोकांना एआयचा काय उपयोग, आधी त्यांना धड ईमेल तर लिहिता येऊ दे. मी क्वालिटीत आहे, रोज त्याच लोकांबरोबर काम करतो, ते वाक्य मला अजून लागतं.

ट्रेनिंग झालं बाणेरच्या हॉटेलात, शनिवारी, सगळं इंग्रजीत. नावं मॅनेजर लोकांनी सुचवलेली, त्यामुळे डिझाइन, परचेस, अकाउंट्स एवढेच गेले. सेकंड शिफ्टचं कोणी नाही, व्हिज्युअल इन्स्पेक्शनच्या ताईंपैकी कोणी नाही.

आता आमच्या फायनल इन्स्पेक्शनच्या काकांचं सांगतो. आयटीआय झालेले, पार्ट हातात घेतला की बर (कडेला राहिलेली धातूची धार) कुठल्या ऑपरेशनला आलीय ते सांगतात. कस्टमर कम्प्लेंट आली की कारण तेच शोधणार पण एट-डी रिपोर्ट (कम्प्लेंटचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा) इंग्रजीत म्हणून लिहिणार इंजिनिअर, आणि खाली नावही त्याचंच. मी काकांना जेवणाच्या सुट्टीत दाखवलं की एआयशी मराठीत बोला, ते टाइप करून घेतं, मग त्याचाच इंग्रजी रिपोर्ट करून मागा. ड्राफ्ट मस्त आला, फक्त डी-फोरला, म्हणजे मूळ कारणाच्या पायरीला, त्याने टूल वेअर (टूल झिजलं) लिहून टाकलं, जे काका बोललेच नव्हते! इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, तर त्याच शिफ्टला बदललेला, लोचा क्लॅम्पिंगचा, म्हणजे पार्ट मशीनवर पकडण्याचा होता. काकांनी बघितल्या बघितल्या पकडलं. बाणेरला जाऊन आलेल्या इंजिनिअरने तोच ड्राफ्ट वाचून ओके म्हटलं होतं. एआय बिनधास्त ठोकून देतं, आणि ते पकडायला काम माहीत असावं लागतं, इंग्रजी नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ट्रेनिंगचा पहिला हक्क लाइनवरच्या माणसांचा.

तुमच्या प्रश्नाबद्दल म्हणाल तर शिफ्टच्या वेळेतच घ्या, तिन्ही शिफ्टला घ्या, सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर ओव्हरटाइम द्या. मराठीत घ्या, हिंदीतही, कारण लाइनवर बाहेरची पोरं भरपूर असतात. उदाहरणं त्यांच्याच कामातली हवीत. आणि एक गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही, ट्रेनिंग पोर्टलचं लॉगिन कंपनीच्या ईमेलवर असतं आणि वर्करला ईमेल आयडीच नसतो, मग तो यादीतून आपोआप गळतो आणि रिपोर्टमध्ये दिसतं की "इंटरेस्ट नाही". कंत्राटी लोकांचं तर विचारूच नका. व्हिडिओ असेल तर खाली कॅप्शन द्या, आमच्या डिस्पॅचला एक कर्णबधिर मुलगा आहे. अंध सहकाऱ्यासाठी एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो. दिव्यांगांसाठी समान संधी धोरण ठेवणं 2016 च्या कायद्याने आस्थापनांवर बंधनकारक आहे, एचआरला हे मी सांगायची गरज नसावी.

हां, सगळ्यांना सगळंच शिकवा असं म्हणत नाहीये, फोर्कलिफ्टवाल्याला एक्सेलचे फॉर्म्युले नकोत. आणि कस्टमरचं ड्रॉइंग फुकटच्या अॅपमध्ये कोणीही टाकायचं नाही, वर्करने नाही आणि मॅनेजरनेही नाही, कंपनीने पैसे भरून घेतलेलं टूल सगळ्यांना द्या.

पण आधी ते मॅनेजरने नावं सुचवणं बंद करा. कुठल्या ग्रेडच्या किती जणांना ट्रेनिंग मिळालं त्याची यादी कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर लावा, दर महिन्याला, आणि एट-डीवर ज्याने कारण शोधलं त्याचं नाव येऊ द्या.