जुना 'काउंटडाउन' मराठीत खेळवायचा असेल तर

तुमचा प्रश्न असा होता: इंग्लंडच्या टीव्हीवरचा जुना 'काउंटडाउन' मित्रमंडळींसाठी ऑनलाइन सुरू करायचा आहे, जमलं तर मराठीत, तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आम्ही दर शनिवारी रात्री हाच खेळ खेळतो, यंदा सहावं वर्ष आहे. सॉफ्टवेअरचं मी शेवटी सांगतो, कारण आमच्याकडे जे वाद पेटले ते सगळे शब्दांवरून आणि निकालांवरून पेटले. ते आधी मिटवून ठेवलेत तर बाकीचं साध्या व्हिडिओ कॉलवरही निभतं.

इथल्या ज्यांनी कार्यक्रम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर ही वाहिनी सुरू झाली आणि तिच्यावर पहिला कार्यक्रम लागला तो हाच. मूळ खेळ फ्रेंच, १९६५ पासूनचा. इंग्रजी अवताराचं चित्रण लीड्समध्ये व्हायचं. रिचर्ड व्हाइटली २००५ साली वारले तोवर तेच सूत्रसंचालक होते आणि आकड्यांची बाजू बरीच वर्षं कॅरल व्हॉर्डरमन सांभाळायच्या. दोन स्पर्धक, नऊ अक्षरं, तीस सेकंद आणि त्यातून सर्वांत लांब शब्द. मधूनमधून आकड्यांची फेरी, शेवटी नऊ अक्षरांचं एक कोडं. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर चहाची किटली! हा खेळ पैशावर कधी उभाच नव्हता, म्हणून तो घरात इतका छान रुजतो.

साचा जुनाच घ्या. २००१ पासून पंधरा फेऱ्यांचा मोठा भाग आला. त्याआधी अर्ध्या तासात नऊ फेऱ्या असायच्या: सहा अक्षरांच्या, दोन आकड्यांच्या, एक कोडं. आम्ही वर्षभर पंधरा करून पाहिल्या. दहाव्या फेरीनंतर कुणी भाजी परतायला उठतं, कुणाचा कॅमेरा बंद होतो. नऊ फेऱ्यांत लोक शेवटपर्यंत जागेवर असतात.

सुरुवात आकड्यांपासून करा, तिथे भाषेचा प्रश्न नाही. मोठे आकडे चार: २५, ५०, ७५, १००. लहान म्हणजे १ ते १०, प्रत्येक दोनदा. स्पर्धकाने सहा निवडायचे, संगणक तीन आकडी लक्ष्य देतो. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतात. प्रत्येक आकडा फार तर एकदा, आणि मध्ये कुठेही अपूर्णांक नको. नेमकं उत्तर आलं तर १० गुण, पाचच्या आत ७, दहाच्या आत ५, आणि गुण जो जवळ पोहोचला त्यालाच. दोघं सारखेच जवळ असतील तर दोघांनाही.

इथे आमची एक चूक सांगतो, ती तुम्ही करू नका. पहिल्या वर्षी आम्ही प्रत्येक गणिताचं एक उत्तर आधीच लिहून ठेवायचो आणि स्पर्धकाचं त्याच्याशी ताडून बघायचो. एकदा १९९७ च्या एका भागातलं गाजलेलं गणित घेतलं: २५, ५०, ७५, १००, ३, ६ आणि लक्ष्य ९५२. तेव्हाच्या स्पर्धकाने काय केलं होतं बघा. १०० आणि ६ मिळून १०६, गुणिले ३ म्हणजे ३१८, गुणिले ७५ म्हणजे २३,८५०, त्यातून ५० गेले की २३,८००, भागिले २५, झाले ९५२. तीस सेकंदांत! हे उत्तर आमच्या वहीत होतं. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिका वेगळ्या वाटेने गेल्या: १०० अधिक ३, गुणिले ६ म्हणजे ६१८, गुणिले ७५ म्हणजे ४६,३५०, भागिले ५० म्हणजे ९२७, अधिक २५. तेही ९५२ च. वहीत नाही म्हणून मी ते नाकारलं. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, पुढचे तीन शनिवार आल्या नाहीत. मी फोन करून माफी मागितली आणि नियम बदलला: स्पर्धक पायरीपायरीने सांगेल, दुसरं कुणीतरी कागदावर मांडेल, आणि पायऱ्या बरोबर असतील तर उत्तर बरोबर.

आता अक्षरं. इंग्रजीत स्वर आणि व्यंजनं वेगळ्या गठ्ठ्यांत असतात आणि स्पर्धक 'व्यंजन द्या', 'स्वर द्या' असं मागत जातो. मराठीत हे जसंच्या तसं उतरत नाही. आम्ही आधी 'का', 'री', 'मु' अशा मात्रेसकट पाट्या केल्या. नऊ पाट्यांतून दोन-तीन अक्षरांपलीकडे शब्दच होईना, सगळे हिरमुसले. मग पाट्यांवर फक्त व्यंजनं ठेवली आणि मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर करायची मोकळीक स्पर्धकाला दिली. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांसाठी 'अ' ची पाटी, ती कोणताही स्वर होऊ शकते. या एका बदलाने खेळात जीव आला.

मोजायचं कसं, हा पुढचा पेच. एका शनिवारी पाट्या पडल्या: ह ल ग र ज प ण क त. एकाने 'लहरीपणा' दिला, पाच. दुसरीने 'हलगर्जीपणा'. तोंडाने मोजलं तर सहा अक्षरं, पाट्या मोजल्या तर सात, कारण 'र्जी' मध्ये दोन व्यंजनं आहेत. आम्ही पाट्या मोजतो. जोडाक्षर साधायला डोकं लागतं, त्याचं श्रेय मिळायला हवं असं माझं ठाम मत आहे. त्याच फेरीत तिसऱ्याने बाहेरून 'गणपतीला' सुचवलं. विभक्तीचे प्रत्यय आम्ही घेत नाही. एकदा 'ला', 'ने', 'चा' आत आले की प्रत्येक शब्द फुकटात लांबतो.

शब्द खरा की खोटा हे कोण ठरवणार? मूळ कार्यक्रमात त्यासाठी शब्दकोशाचा वेगळा कोपराच आहे, १९९२ पासून सूझी डेंट तिथे दिसतात. तुमच्याकडेही असा एक माणूस हवा आणि त्याने त्या दिवशी खेळायचं नाही. कोश हंगाम सुरू होण्याआधी ठरवा आणि मध्ये बदलू नका. आम्ही दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती धरतो. दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. रोजचे नवे शब्द त्यांत सापडत नाहीत, त्यासाठी आमची एक पुरवणी यादी आहे. तिच्यात शब्द घालायचा तर खेळ संपल्यावर मत घेतो, खेळ चालू असताना कधीच नाही.

घड्याळ कॉलवरून दाखवू नका. कुणाकडे चित्र दोन सेकंद उशिरा पोहोचतं आणि नाशिकचा माणूस लेस्टरच्या माणसावर चिडतो. प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये स्वतःचं तीस सेकंदांचं घड्याळ चालू द्या आणि वेळ संपली की उत्तराची चौकट आपोआप बंद होऊ द्या. उत्तरं दोघांची भरल्यावरच उघडायची. एवढं करणारं साधं पान कॉलेजमधला मुलगाही दोन दिवसांत बनवतो, विकतचं काही लागत नाही.

मूळ नाव, बोधचिन्ह आणि घड्याळाचं संगीत वापरू नका. खेळाच्या कल्पनेवर कुणाचा मालकीहक्क नसतो, पण संगीत, चित्रण आणि मांडणीवर असतो. आम्ही खेळाला आमचं नाव दिलं आणि त्या तीस सेकंदांत शांतता ठेवतो. जुन्या भागांचे तुकडेही दाखवत नाही, प्रवेश फी तर नाहीच.

कोड्यासाठी मात्र अक्षरं मात्रांसकट द्या आणि ती नुसती उलटसुलट करा. तिथे मात्रांची मोकळीक दिलीत तर दोन-दोन उत्तरं निघतात आणि भांडण ठरलेलं. उदाहरणार्थ 'त, दा, स, र, जू, म': यातून 'समजूतदार' निघतो. आम्ही सहा-सात अक्षरांवर थांबतो, नऊचा हट्ट सोडला.

पाट्यांचं प्रमाण: र, न, त, क, ल, स, म, व भरपूर ठेवा, प्रत्येकी पाच-सहा. ठ, ढ, झ, फ एकेक पुरे. ङ आणि ञ काढून टाका. ळ किती ठेवायचे यावर आमच्यात अजून एकमत नाही. सध्या तीन आहेत, आणि कोकणातली मंडळी चौथा मागताहेत.