पशुप्रदर्शनात मुलं, कालवडी आणि डुकरं: वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की पशुप्रदर्शनांचे वेध लागतात आणि या सदराकडे येणाऱ्या पत्रांत मुलांची, पालकांची पत्रं वाढतात. या खेपेला तीच घेतली आहेत.

आमच्याकडे आठ महिन्यांची श्वेतकपिला (गोव्याची पांढरी देशी जात) कालवड आहे. घरी माझ्या मागे मागे फिरते, पण म्होरकी घातली की पाय रोवून उभी राहते. प्रदर्शन अडीच महिन्यांवर आहे. तेवढ्यात तयार होईल का?
– नववीतली विद्यार्थिनी, सत्तरी

होईल, पण आजपासून लागावं लागेल. मागे मागे येते ती तुझ्या हातातल्या पेंडीसाठी. दोराची ओढ म्हणजे काय, हे तिला अजून ठाऊकच नाही. शिकवायचं ते तेवढंच.

आधी म्होरकी नीट बसवून घे. नाकावरची पट्टी डोळ्याखाली दोन बोटं सोडून यायला हवी. ती नाकपुड्यांवर घसरली तर मऊ कूर्चेवर दाब येतो, श्वास कोंडतो आणि जनावर उसळतं. मग आपण म्हणतो कालवड द्वाड आहे. पहिला आठवडा फक्त बांधून ठेवायचं. खांब भक्कम हवा. दोर तिच्या डोक्याच्या उंचीवर बांधायचा आणि दीड-दोन फुटांहून लांब ठेवायचा नाही, नाहीतर पुढचा पाय त्यात अडकतो. गाठ एका झटक्यात सुटणारी मार. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, आठवड्याअखेर तासभर. तेवढा वेळ तू तिथून हलायचं नाहीस. ती ओढेल, लोंबकळेल, कदाचित बसेलही. पुढे आलं की गळ्याचा ताण जातो, हे तिचं तिलाच उमगू दे.

दुसऱ्या आठवड्यात चालवायला घे. दाव्यापासून पाण्याच्या दोणीपर्यंत हा पहिला रस्ता चांगला, कारण तिला तिकडे जायचंच असतं. वाटेत थांबली तर समोरून ओढू नकोस. ती तुझ्यापेक्षा जड आहे. ओढाओढीत ती एकदा जिंकली की ते कायमचं लक्षात ठेवते. त्याऐवजी तिचं तोंड एका बाजूला वळव. तोल सावरायला तिला एक पाय उचलावाच लागतो. तो पाय उचलला, त्याच क्षणी दोर सैल सोड. सगळं शिक्षण त्या अर्ध्या सेकंदात आहे. दोन पावलांनंतर सैल सोडलास तर पाऊल टाकल्याचं बक्षीस मिळालं, हे तिला कळत नाही. मागून कुणी शेपटी पिरगळून मदत करत असेल तर त्याला आधी घरी पाठव. शेपटीच्या मणक्यांचा सांधा निखळला की वाकडेपणा जन्मभर राहतो आणि परीक्षकाला तो लांबून दिसतो.

तू तिच्या डाव्या बाजूला, डोक्याजवळ. उरलेला दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, घड्या करून मुठीत धरायचा. गुंडाळलेला दोर आणि बुजलेली कालवड यांत बोटं तुटतात.

महिनाभराने उभं राहणं शिकव. चारही पाय चौकोनात, पण परीक्षकाच्या बाजूचा मागचा पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मागे. त्याने अंगाची लांबी आणि मांडीची ठेवण दिसते. पाय मागे घ्यायचा असेल तर दोराने तोंड थोडं मागे ढकल आणि त्या बाजूच्या खांद्यावर बोटं टेकव. पुढचे पाय जरा उंचवट्यावर आले तर पाठ सरळ दिसते, म्हणून रिंगणात थांबताना जमीन बघून थांब.

शेवटचे तीन आठवडे घराबाहेर. देवळासमोरचं मैदान, बसस्टॉप, मोटारसायकली, उघडलेली छत्री, लाऊडस्पीकर. शिवाय रोज एका परक्या माणसाकडून तिच्या बरगड्यांवर आणि मांडीवर हात फिरवून घे. परीक्षक नेमकं तेच करतो, आणि फक्त तुझीच सवय असलेली कालवड तेव्हा लाथ झाडते.

गोरवांच्या पाडव्याला (दिवाळीच्या पाडव्याला) आम्ही गाईंना तेल लावतो, शिंगं रंगवतो, काव लावतो, माळा घालतो. प्रदर्शनाला असंच न्यावं का? आमची गाय पांढरी आहे, शेणाचे पिवळे डाग जात नाहीत.
– पेडणे

पाडव्याची हौस पाडव्याला. प्रदर्शनात तेलावर धूळ बसते आणि पांढरी गाय दुपारपर्यंत राखाडी होते. रंगवलेलं शिंग पाहिलं की परीक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती खाली काही झाकलंय का, याची. श्वेतकपिलेच्या बाबतीत तर रंग हीच ओळख आहे. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत, पापण्यांच्या केसांसकट, सगळं पांढरं. तिच्यावर रंगाचं बोट उठवणं म्हणजे तिचा दाखला आपल्याच हाताने पुसणं.

डाग धुऊन जाण्यापेक्षा पडूच न देणं सोपं. शेवटचे पंधरा दिवस रात्री कोरड्या गवताचं जाड अंथरूण घाला आणि शेण दिवसातून तीनदा उचला. रोज आधी कोरडा खरारा, मग पाणी. आधी पाणी ओतलं की मळ केसांच्या मुळाशी बसतो. अंगाचा साधा साबण चालेल. कपड्यांची पावडर, सोडा, ब्लीच नको. कातडी कोरडी पडते आणि तिसऱ्या दिवशी कोंडा दिसायला लागतो. नारळाचं सोडण पायांना ठीक, कासेला आणि पोटाखाली मऊ फडकं. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला, सर्वात जास्त चूक इथेच होते. कानात पाणी जाऊ देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा. गोचीड कानाच्या मागे, गळ्याखालच्या पोळीच्या घडीत आणि शेपटीच्या बुडाशी शोधा.

खूर वाढले असतील तर निदान तीन आठवडे आधी कापून घ्या. आदल्या दिवशी कापले आणि जरा खोल गेले तर गाय रिंगणात लंगडते, आणि लंगडणाऱ्या गाईचं बाकी सगळं वाया जातं.

शाळेच्या शेतकी गटासाठी आगोंद गोवन या गोव्याच्या देशी जातीची डुकराची दोन पिल्लं घेतली आहेत, आता चार महिन्यांची झाली. मुलांना ती रिंगणात दाखवायची आहेत. डुकराला दावं बांधून न्यायचं का?
– शिक्षक, काणकोण

दावं नको. डुकराची मान डोक्यापेक्षा जाड असते, दोर निसटतो. पायाला बांधला तर कातडी सोलते आणि ते किंचाळत राहतं. डुक्कर हाकायचं असतं, ओढायचं नसतं. लागतात दोनच वस्तू: हातभर लांबीची हलकी वेताची काठी, आणि हात घालायला खाच असलेली अडीच फूट लांब, दोन फूट उंच प्लायवूडची फळी.

काठी मारायची नाही, टेकवायची. जबड्याच्या उजव्या बाजूला टेकवली की ते डावीकडे वळतं, डावीकडे टेकवली की उजवीकडे. पुढे न्यायचं तर बरगडीच्या मागे हलकी थाप. पाठीवर आणि मांडीवर काठी कधीच नाही, काळ्या कातडीवर वळ दिसत नसले तरी आतलं मांस काळंनिळं होतं. हाकणाऱ्याने खांद्याच्या जरा मागे चालावं. अगदी पाठीमागे गेलात तर त्याला तुम्ही दिसत नाही आणि ते मागे वळून बघायला थांबतं.

रोज सकाळी सातच्या आत दहा मिनिटं, पुढे वीस मिनिटं. पहिले दोन-तीन दिवस नुसतं दार उघडून बाहेर हुंगू द्या. डुक्कर सावली आणि उन्हाच्या रेषेवर, पाण्याच्या डबक्यापाशी, जमिनीवर पडलेल्या पिशवीपाशी हमखास थांबतं. त्याला पुढे ढकलू नका, हुंगून झालं की आपणच जातं. डोकं वर ठेवून चालायची सवय लागावी म्हणून नाक जमिनीला लागलं की हनुवटीखाली काठी अलगद टेकवा. डुक्कर नेहमी मुलाच्या आणि परीक्षकाच्या मध्ये, परीक्षकापासून तीन-चार मीटरवर. कोपऱ्यात घुसलं तर घाई नको, फळी लावून तोंड वळवा.

दोन अनोळखी डुकरं समोरासमोर आली की भांडणारच. मध्ये फळी घालायची. हात किंवा पाय घालायचा नाही, हे मुलांकडून दहादा वदवून घ्या.

आणि उष्णता. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. तोंड उघडून धापा टाकू लागलं, चालताना डगमगलं की सराव तिथेच संपला. सावलीत न्या, पाय, पोट आणि नाकाड ओलं करा, पंखा असेल तर लावा. तापलेल्या अंगावर एकदम बर्फाची बादली ओतू नका, त्या धक्क्याने ते दगावू शकतं. टेम्पोतून नेताना पहाटे न्या, आदल्या रात्रीनंतर खाणं नको, पाणी हवं. भरल्या पोटाने हलवलेलं डुक्कर ओकतं आणि गुदमरतं.

हॉटेलांतलं उरलेलं अन्न फुकट मिळतं. त्यावर प्रदर्शनाचं डुक्कर वाढवलं तर?
– बार्देश

वाढेल, पण कसं ते तुमच्या हातात राहत नाही. आज भात, उद्या तळलेली मासळी, परवा केक. दिसायला गुबगुबीत, दाबलं तर चरबी. वाढत्या डुकराच्या खाण्यात साधारण 16 टक्के प्रथिनं लागतात, शेवटच्या टप्प्यात 14 पुरतात.

याहून मोठा धोका आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा. भारतात हा रोग 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा सापडला. माणसाला होत नाही, पण डुकरांचा गोठाच्या गोठा रिकामा करतो, आणि आपल्याकडे त्यावर लस नाही. त्याचा विषाणू डुकराच्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात, सॉसेजमध्येही टिकून राहतो. म्हणजे नेमका हॉटेलच्या बादलीत. डुकराचं मांस असलेलं उष्टं घेऊच नका. बाकीचंही उकळी फुटल्यावर अर्धा तास ढवळत उकळा आणि कच्च्याची बादली शिजवलेल्याला वापरू नका.

शिवाय मीठ. खारट उष्टं आणि वर पाणी कमी, असं झालं की डुक्कर आंधळ्यासारखं भिंतीवर आपटतं, झटके येतात. पाणी चोवीस तास हवं. असं झालंच तर एकदम भरपूर पाणी पाजू नका, त्याने मेंदूला सूज येते. थोडं थोडं द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

वजनकाटा नाही. गटात नाव घालताना वजन विचारतात.
– फोंडा

शिंप्याचा टेप पुरतो. गाईला पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. घेर 55 आणि लांबी 45 इंच असेल तर सुमारे 206 किलो.

डुकराला मीटरचं गणित: घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले 69.3. लांबी दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंत. घेर 95 सेंटिमीटर आणि लांबी 90 सेंटिमीटर असेल तर 56 किलोच्या आसपास. मोजताना मान सरळ हवी, खाली घातली तर लांबी वाढून येते. सकाळी, खाण्याआधी मोजा.

वयावरून वाद होतात. दातांवरून खरंच कळतं का?
– डिचोली

अदमास कळतो. खालच्या जबड्यातली कायमच्या पटाशीच्या दातांची पहिली जोडी दोन वर्षांच्या सुमारास येते, दुसरी अडीचच्या, तिसरी तीन-साडेतीनच्या, चौथी चारच्या पुढे. जन्मतारीख लिहिलेली असेल तर वादच नको. वासरू जन्मलं त्याच दिवशी वहीत नोंदवा आणि कानात बिल्ला बसला की त्याचा बारा अंकी नंबर शेजारी लिहा.

अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने डुक्कर दाखवून बक्षीस मिळवलं म्हणे, आणि नंतर ते विकलं! आपल्याकडे मुलांना असं काही सुरू करता येईल?
– सांगे

ती फोर-एच नावाची चळवळ. 1902 मध्ये ओहायोच्या क्लार्क परगण्यात मुलांच्या एका शेतकी मंडळापासून तिची सुरुवात धरतात. तिथे दोन वेगळ्या स्पर्धा असतात. एकीत जनावर बघतात, दुसरीत मूल: त्याने जनावर कसं हाताळलं, नजर परीक्षकावर आहे का, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता येतं का. ही दुसरी स्पर्धा कुठल्याही गावच्या मंडळाला उद्या सुरू करता येईल, तिला महागडं जनावर लागत नाही. मुलाने खाद्याचा खर्च, वजन, औषधं यांची वही ठेवायची, हा तिथला नियमही उचलण्यासारखा.

विक्रीचं मात्र जसंच्या तसं आणू नका. तिथे मांसासाठी वाढवलेलं जनावर प्रदर्शनानंतर लिलावात जातं, गोऱ्हेसुद्धा. आपल्याकडे गोव्यात 1978 चा गोहत्याबंदीचा कायदा आहे, तेव्हा गाई-वासरांसाठी तो मार्ग बंदच. डुकराचं काय होणार हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. नाव ठेवून, पाच महिने हाताने खाऊ घालून मग सांगणं हा दुष्टपणा आहे. पैदाशीसाठी डुकरीण ठेवायचा पर्याय आहेच, 114 दिवसांची गाभण, म्हणजे शाळेच्या एका सत्रात हिशेब बसतो.

जाता जाता: धिरयोसाठी, म्हणजे बैलांच्या झुंजीसाठी, तयार केलेला बैल मुलाच्या हाती देऊन रिंगणात आणू नका. धिरयोंवर उच्च न्यायालयाने 1996 मध्ये बंदी घातली. कायद्याचं सोडा, दुसरा बैल दिसला की शिंगं खाली घालायला शिकलेलं जनावर दहा जनावरांच्या रांगेत उभं राहत नाही.

प्रदर्शनाच्या जागी आमची गाय पाणीच पीत नाही. परत आल्यावरही चार दिवस दूध कमी.
– धारबांदोडा

पाण्याची चव बदलते म्हणून. दोन आठवडे आधीपासून घरच्या पाण्यात मूठभर गूळ विरघळवून द्या आणि तोच गूळ बरोबर न्या. चारा आणि पेंडही घरचीच न्या. हिरवा चारा, पेंड, काहीही बदलायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं.

लाळ्या-खुरकूतची लस निदान तीन-चार आठवडे आधी झालेली हवी. आदल्या आठवड्यात टोचली तर अंगात प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते, वर ताप येऊन जनावर मलूल दिसतं. डुकरांना क्लासिकल स्वाइन फीव्हरची (हा आफ्रिकनहून वेगळा रोग) लस टोचून घ्या. दाखला, बिल्ल्याचा नंबर, लसीची तारीख एका प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

घरी परतल्यावर जनावर थेट गोठ्यात नको. 21 दिवस वेगळं बांधा, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) दुसऱ्या टोकाला छप्पर घातलं तरी चालेल. त्याला चारा-पाणी सर्वात शेवटी द्या, बादली वेगळी ठेवा आणि प्रदर्शनात घातलेल्या चपला धुतल्याशिवाय गोठ्यात नेऊ नका. दूध चार दिवसांत सावरलं नाही, तोंडातून लाळ गळली किंवा खुरांच्या बेचक्यात फोड दिसला तर त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.