वाचकांचे प्रश्न : उपग्रहाविना वाट काढणारी यंत्रे

प्रश्न : दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाण्याखाली स्वतःहून फिरणारे ‘माया’ नावाचे यान तयार केल्याचे वाचले. फेरीबोटीत बसल्यावरही आपला मोबाइल स्थान अचूक दाखवतो. मग बुडी मारलेल्या यानाला जीपीएस का उपयोगी पडत नाही, आणि ते ठरलेल्या जागी परत कसे येते?
– एक वाचक, ताळगाव

उत्तर : जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचे रेडिओ संकेत जमिनीवर पोहोचतात तेव्हा अत्यंत क्षीण झालेले असतात. हवेतून ते येतात. परंतु समुद्राचे खारे पाणी विजेचे वाहक असल्यामुळे या लहरी त्यात काही सेंटीमीटर जाण्याच्या आतच विरून जातात. फेरीबोटीतला मोबाइल पाण्याच्या वर असतो, एवढाच काय तो फरक. यान पाण्याखाली गेले की उपग्रहांशी त्याचा संबंध तुटतो आणि पुन्हा पृष्ठभागावर येईपर्यंत आपण कोठे आहोत हे त्याला स्वतःच ठरवावे लागते.

त्यासाठी वापरली जाणारी मूळ रीत आपल्या किनाऱ्यावरच्या तांडेलांना अपरिचित नाही. निघालो कोठून, तोंड कोणत्या दिशेला, वेग किती आणि वेळ किती गेला, या चार गोष्टी ठाऊक असल्या की सध्याची जागा हिशेबाने काढता येते. यानात हे काम जडत्वमापक करतो. त्यातील त्वरणमापी वेगात होणारा बदल टिपतात आणि जायरोस्कोप यानाचे वळणे टिपतो. त्वरणाची बेरीज करत गेले की वेग मिळतो आणि वेगाची बेरीज करत गेले की अंतर मिळते. अडचण या दुहेरी बेरजेतच आहे. त्वरणमापीत गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाइतकी स्थिर चूक असली, तर एका मिनिटात यान आपल्या जागेबाबत सुमारे १८ मीटरने चुकते आणि दहा मिनिटांत ही चूक पावणेदोन किलोमीटरच्या वर जाते, कारण ती वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. महागडे जडत्वमापक ही वाढ कितीतरी मंद करतात, थांबवू मात्र शकत नाहीत.

म्हणून अशा अनेक यानांच्या पोटाशी डॉप्लर वेगमापी बसवलेला असतो. तो साधारणतः चार तिरक्या दिशांनी तळाकडे ध्वनी सोडतो आणि परत आलेल्या ध्वनीच्या वारंवारतेत पडलेल्या फरकावरून तळाच्या संदर्भात यानाचा वेग काढतो. वेग थेट मिळाल्यामुळे एकच बेरीज उरते. वेगात सेकंदाला एक सेंटीमीटरची चूक राहिली, तरी तासाभरात ती ३६ मीटरच होते. मात्र तळ ध्वनीच्या आवाक्याबाहेर असला, तर या मापकाला केवळ भोवतालच्या पाण्याच्या संदर्भातला वेग कळतो, आणि तो पाणलोंढा यानाला कोणीकडे वाहून नेत आहे याचा पत्ता लागत नाही.

दिशेचीही वेगळी काळजी घ्यावी लागते. साधे चुंबकीय होकायंत्र यानाच्या स्वतःच्या मोटारीतील विद्युतप्रवाहाने बिघडते. मांडवी-जुवारीत खनिजाच्या पोलादी बार्जच्या जवळून जाताना तर ते हमखास फसते. दिशेत केवळ एका अंशाची चूक असली, तर एक किलोमीटर पुढे गेलेले यान सुमारे १७ मीटर बाजूला सरकलेले असते.

या सर्वांवर उतारा म्हणजे अधूनमधून एखादी पक्की खूण गाठणे. सर्वांत सोपा मार्ग पृष्ठभागावर येऊन जीपीएस घेण्याचा. उथळ पाण्यात तो परवडतो. खोल पाण्यात मात्र तळावर ठेवलेल्या किंवा जहाजावरून सोडलेल्या ध्वनिसंकेतकांशी यान बोलते: संकेत जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजायचा आणि पाण्यातील ध्वनीचा वेग, म्हणजे सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, धरून अंतर काढायचे. आपल्याकडील पावसाळ्यात मात्र हा वेग गृहीत धरता येत नाही. नदीच्या मुखाशी वर गोडे पाणी आणि खाली खारे, असे थर साचतात, दोन्हींतील ध्वनीचा वेग भिन्न असतो, आणि ध्वनी कमी वेगाच्या थराकडे वाकतो. त्यामुळे अंतराचा हिशेब चुकतो आणि काही ठिकाणी संकेत पोहोचतच नाहीत. म्हणून खोलीनुसार पाण्याचे तापमान आणि क्षारता मोजून घेण्याचे कंटाळवाणे काम टाळता येत नाही.

आता इतक्या परस्परविरोधी साक्षी मिळाल्यावर कोणाचे ऐकायचे? गणिती अभियंते रुडॉल्फ कॅल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेली रीत आजही येथे कामी येते. यान एकाच बिंदूवर ‘मी येथे आहे’ असे म्हणत नाही. ‘बहुधा या वर्तुळात आहे’ असे म्हणते. चालत राहिले की वर्तुळ मोठे होते, खूण गाठली की लहान होते, आणि प्रत्येक मापकाचे म्हणणे त्याच्या विश्वासार्हतेनुसार कमीजास्त धरले जाते. माझ्या मते उत्तम यान ते, ज्याला आपल्या वर्तुळाचा आकार खरा ठाऊक असतो. आपण बरोबर आहोत असे ठामपणे मानणारे यान अधिक धोक्याचे.

प्रश्न : आमच्या घरातील झाडू मारणारा यंत्रमानव छताखाली असूनही खोल्या ओळखतो. पण घराच्या लांबलचक सोप्यात आणि आरशाच्या कपाटासमोर तो गोंधळतो. असे का होते?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : अशा यंत्रात चाकांच्या फेऱ्या मोजल्या जातात आणि अनेक यंत्रांत वर फिरणारा लेसर भोवतालच्या भिंतींचे अंतर घेत असतो. नकाशा आखणे आणि त्याच नकाशात स्वतःची जागा शोधणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. चटईवर चाक घसरले की फेऱ्यांचा हिशेब चुकतो. पण पूर्वी पाहिलेला एखादा कोपरा पुन्हा ओळखू आला की यंत्र मधल्या वाटेची सारी चूक मागे जाऊन सुधारते. लांब सोप्यात नेमकी हीच ओळख पटत नाही: दोन समांतर भिंती पुढे गेल्यावरही तशाच दिसतात, त्यामुळे भिंतीपासूनचे अंतर पक्के कळते, सोप्यात किती पुढे आलो ते कळत नाही. एखादा बाक किंवा मोठी कुंडी तेथे ठेवल्यास फरक पडेल. आरसा लेसरला परतवतो आणि यंत्राला भिंतीपलीकडे नसलेली खोली दिसते. काचेचे दार त्याला मोकळी वाट वाटते. आरशाचा खालचा भाग कागदाने झाकून पाहावा.

प्रश्न : चंद्रावर जीपीएस नसताना चांद्रयान-३ चा ‘प्रज्ञान’ रोव्हर कसा फिरला?
– एक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : बहुतांशी कॅमेऱ्यांच्या आधारे. त्याच्या पुढील दोन कॅमेऱ्यांनी घेतलेल्या जोडचित्रांतून समोरच्या जमिनीचा चढउतार काढला जाई आणि पुढील वाट पृथ्वीवरून ठरवली जाई. २७ ऑगस्ट २०२३ रोजी वाटेत सुमारे चार मीटर रुंदीचे विवर तीन मीटर पुढे असतानाच दिसले, त्यामुळे त्याला मागे वळण्याची आज्ञा देऊन दुसऱ्या वाटेने नेण्यात आले.