संस्कृतीमुळे माणसाला जग खरंच वेगळं दिसतं का?

दिसतं. डोळे तेच, नजर कुठं ठरते ते बदलतं. विदर्भातल्या खेड्यात पाऊस नक्षत्रांनी मोजतात: 7-8 जूनच्या सुमारास मृग, मग आर्द्रा, प्रत्येक साधारण 13-14 दिवसांचं. पंचांगात त्या नक्षत्राचं वाहन बेडूक की कोल्हा, हेही पावसाच्या अंदाजासाठी विचारलं जातं. हवामान खातं मिलिमीटर सांगतं. वावरात माणूस माती उकरून ओल किती खोल गेली ते पाहतो, मूठ दाबून गोळा होतो का बघतो. शहरातल्याला सगळी जमीन सारखीच, इथं भारी (काळी, खोल) आणि बरड (हलकी, मुरमाड) लांबूनच ओळखू येते.

ही नजर फसवतेही. मृग लागला की हात शिवशिवतात, वरची दोन बोटं ओल बघून सरकी, म्हणजे कपाशीचं बी, टोबतात (हातानं मातीत लावतात). उघाड पडली की अंकुर करपतो, दुबार पेरणी! म्हणूनच 75-100 मिमी पाऊस होईस्तोवर थांबा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो.